प्लेगात घर सोडा, कोविडमध्ये घरात बसा

कोविडची जुन्या साथीशी तुलना करायची म्हटली की बहुतेक जण १९१८ च्या फ्लूकडे वळतात. आजार म्हणून ते बरोबरच आहे. दोन्ही विषाणूंचे, दोन्ही श्वासावाटे पसरणारे, दोन्ही लाटांनी आलेले. पण मार्च २०२० मध्ये आपण ठाणेकर ज्या नियमांखाली घरात बसलो, त्या नियमांचा फ्लूशी काही संबंध नव्हता. राज्य सरकारनं तेव्हा लागू केला तो साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रज सरकारनं घाईघाईत केलेला. आणि प्लेग हा अगदी वेगळ्या वाटेनं येणारा आजार. थोडक्यात, साथ फ्लूच्या घराण्यातली आणि बंदोबस्त प्लेगचा. ही विजोड जोडी एकदा लक्षात आली की त्या दोन वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. काही उपाय का लागू पडले, काही नुसतेच जाचक का ठरले, हेही कळतं.

आधी प्लेगची वाट बघू, कारण ती वाट समजायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली.

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा हा प्लेग असल्याचं ओळखलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांना प्लेगचा जंतू सापडला होता. म्हणजे गुन्हेगार कोण हे माहीत होतं. तो घरात शिरतो कसा, हे माहीत नव्हतं. सरकारचा संशय घाणीवर, दमट घरांवर आणि रोग्याच्या स्पर्शावर होता.

खरी वाट होती उंदरावरच्या पिसवेची. प्लेग मुळात उंदरांचा आजार. आजारी उंदराचं रक्त प्यायलेल्या पिसवेच्या पोटाच्या तोंडाशीच जंतू वाढतात आणि त्यांचा चिकट बोळा बसतो. मग तिनं कितीही रक्त ओढलं तरी ते पोटात उतरत नाही. भुकेनं कासावीस झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात अडलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत ओकते. उंदीर जिवंत असेपर्यंत हे सगळं उंदरांतच चालतं. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा ते सोडतात आणि मिळेल ते ऊबदार शरीर शोधतात. तेव्हा माणसाची पाळी येते. काही दिवसांत ताप चढतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते. औषध नसेल तर अशा रुग्णांतले निम्म्याच्या आसपास दगावतात. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं यायला १९४० चं दशक उजाडलं, म्हणजे त्या काळी औषध नव्हतंच.

यातली मेख अशी की रोग माणसापेक्षा घराला जास्त चिकटलेला होता. आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी हे अनुभवानं ओळखलं. 'उंदीर पडायला लागले' म्हटलं की बिऱ्हाड हलायचं, गावाबाहेर माळावर झोपड्या पडायच्या आणि साथ ओसरल्यावरच माणसं घरी परतायची. पिसवेचा पत्ता नसतानाही हा उपाय अचूक होता, कारण उंदीर आणि त्यांच्या पिसवा मागे गावातच राहायच्या.

सरकारनंही लोकांना छावण्यांत हलवलं, पण ते माणसाला रोगाची खाण समजून. घरोघर झडत्या, भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिक हे जंतुनाशक, सामानाची होळी, रोग्याला उचलून इस्पितळात. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात रँडच्या कारभाराचं आणि चापेकर बंधूंचं पुढं काय झालं, ते इथं सांगायची गरज नाही. १८९७ चा कायदा या वातावरणातला आहे. मूळ कायद्यात कलमं अवघी चार, त्यातही सांगायचं ते थोडक्यात असं: सरकार साथीसाठी हवे ते नियम करू शकतं, मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि नियम राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. रोग्याला खाट मिळावी, मजुरी बुडालेल्याला धान्य मिळावं, असला एक शब्द त्यात नव्हता.

पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा संबंध दाखवला, पण त्यांच्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. शंका मिटली ती १९०५ नंतर, मुंबईतच झालेल्या प्रयोगांनी. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही जमिनीलगत, काही पिसवेची उडी पोचणार नाही इतके उंच टांगलेले, काहींच्या भोवती चिकट थर लावलेला. हवा तीच, घर तेच, घाणही तीच. जिथं पिसू पोचू शकत होती तिथले प्राणी प्लेगनं मेले. जिथं पोचू शकत नव्हती तिथले वाचले. मला हा प्रयोग फार आवडतो. एका पिंजऱ्यात आणि दुसऱ्यात फरक काय तर थोड्याशा उंचीचा, आणि तेवढ्यानं दहा वर्षांचा वाद संपला.

आता याच्या शेजारी कोविड ठेवा. इथंही २०२० च्या सुरुवातीला विषाणू ओळखला गेला होता, जानेवारीतच त्याची पूर्ण जनुकीय रचना जगापुढे आली होती, पण तो नेमका कसा पसरतो यावर महिनोन्‌महिने घोळ चालला. म्हणून आपण दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, पेपर बंद केला, लिफ्टचं बटण टूथपिकनं दाबलं. ही सगळी कार्बोलिकचीच भावंडं. पुढं स्पष्ट झालं की वस्तूंमधून धोका फार थोडा, खरा धोका बंद जागेतल्या हवेत. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणारे बारीक कण तिथं तरंगत राहतात. खिडकी उघडणं हे सॅनिटायझरपेक्षा मोलाचं होतं, पण सॅनिटायझरची बाटली दिसते आणि हवा दिसत नाही.

हा फरक सगळ्यात ठसठशीत दिसतो तो धान्यबाजारात. प्लेग ज्या मांडवीत प्रथम सापडला तो भाग बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा. धान्य म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे पिसवा, आणि पोत्यांबरोबर हा सगळा संसार गावोगाव जायचा. तिथला घाऊक धान्यबाजार पुढं खाडी ओलांडून वाशीच्या एपीएमसीत आला. मे २०२० मध्ये याच एपीएमसीत कोविडचे रुग्ण वाढले आणि बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. पण या वेळी पोतं निर्दोष होतं. धोका होता तो खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या माथाडींना, ड्रायव्हरना, गाळ्यात दाटीनं बसणाऱ्या व्यापाऱ्यांना. प्लेगात पोतं अडवायला हवं होतं आणि अडवलं जायचं माणसाला. कोविडमध्ये गर्दी विरळ करायची होती आणि आम्ही घरी आलेलं पोतं उन्हात ठेवत होतो.

स्टेशनांचंही तसंच. ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ मध्ये, आणि प्लेगच्या काळात मुंबईहून पुण्याकडे किंवा नाशिककडे निघालेली जीआयपी रेल्वेची प्रत्येक गाडी ठाण्यावरूनच जायची. १८९६ च्या अखेरीपासून मुंबई इतकी रिकामी होऊ लागली की काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती निघून गेल्याचं सांगितलं जातं. स्टेशनांवर डॉक्टर प्रवाशांना उतरवून तपासत: ताप बघायचा, मग जांघ आणि काख चाचपायची. बायकांच्या बाबतीत हे किती संतापजनक होतं ते वेगळं सांगायला नको. तरीही त्यात एक तर्क होता. गाठ दिसते, हाताला लागते.

कोविडमध्ये गाठीची जागा घेतली कपाळावर रोखलेल्या थर्मामीटरच्या बंदुकीनं. सोसायटीच्या गेटवर, मॉलच्या दारात, ऑफिसात. वॉचमन कपाळाऐवजी मनगटावर धरायचा, उन्हातून आलेल्याचा आकडा काहीच्या बाही यायचा, पण ते सोडा. खरी अडचण अशी की कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच इतरांना लागण देऊ शकतो, आणि कित्येकांना तर लक्षणं दिसतच नाहीत. ज्याला ताप आलेला नाही त्याला ताप मोजणारं यंत्र काय पकडणार? २००३ चा सार्स याच विषाणूच्या कुळातला, जास्त मारक, तरी तो काही महिन्यांत आटोक्यात आला. कारण सार्सचा रोगी साधारणपणे आजारी पडल्यावरच संसर्ग देत असे. आधी तपासा, मग वेगळं काढा, हे तिथं जमत होतं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारायला सुरुवात झाली. शिक्का असलेला माणूस घरी बसत होता, पण साथ पसरवणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातावर शिक्का मारायचं कारणच कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि घर. प्लेगात घर सोडणं हा उपाय होता, कोविडमध्ये घरात बसणं. हवेतून पसरणाऱ्या आजाराला हे तत्त्व म्हणून योग्यच, फक्त त्यात एक गृहीत धरलेलं आहे: घर म्हणजे दोन-तीन खोल्या, आजारी माणसाला एक स्वतंत्र, शक्यतो स्वतंत्र संडाससुद्धा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये हे शक्य होतं. वागळे इस्टेटच्या किंवा कळव्याच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथं 'घरात बसा' म्हणजे एकमेकांचा श्वास घ्या. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्त तपासून पाहणी झाली. त्यात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. त्याच वॉर्डांत, त्याच लॉकडाऊनमध्ये. लोकांनी नियम पाळले नाहीत म्हणून असं झालं, असं तेव्हा बरेच जण ठामपणे सांगत होते. त्या खोलीत नियम पाळायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

इथं १९१८ ची साथ उपयोगी पडते. आपल्याकडची जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. मुंबईत ती जूनमध्ये बंदरावाटे आली, पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि तिनं कहर केला. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यूंची नोंद आहे, तेही शहराची लोकवस्ती दहा-बारा लाख असताना. त्या वर्षी पाऊसही रुसला होता, धान्य महागलं होतं, आणि महायुद्धामुळं डॉक्टर आणि परिचारिका लष्करात गेलेल्या होत्या. अंगात ताकद नसलेल्या शरीरावर फ्लू चालून आला आणि त्यामागून न्यूमोनियाचे जिवाणू. बरेचसे मृत्यू या दुसऱ्या हल्ल्यानं झाले. आज अशा न्यूमोनियाला अँटिबायोटिक देता येतं, तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तोच मुळी १९३३ मध्ये.

मुंबईच्या त्या वर्षीच्या आकड्यांत, त्या काळच्या नोंदींनी ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं त्यांच्यात हजारी ६१.६ मृत्यू दिसतात. इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९, युरोपियनांत ८.३. विषाणू सगळ्यांसाठी एकच होता. खोली, ताट आणि शुश्रूषा करायला जवळ कुणी आहे की नाही, हे वेगळं होतं. २०२० चे ५७ आणि १६ टक्के वाचताना मला हेच जुने आकडे आठवतात. अर्थात एक फरक सांभाळायला हवा: ते मृत्यूंचे आकडे आहेत आणि हे लागण झाल्याचे. थेट शेजारी मांडून भागाकार करायचा नाही.

मग जास्त भयंकर साथ कोणती? हा प्रश्न आला की लोक एकूण आकडे सांगतात आणि तिथंच गाडी घसरते. भारतात १९१८ च्या फ्लूनं साधारण १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसं नेली असं मानतात. तेव्हाच्या हिंदुस्थानची लोकसंख्या तीस कोटींच्या थोडी वर, म्हणजे ढोबळमानानं शंभरात पाच. कोविडचे सरकारी नोंदीतले मृत्यू सुमारे ५.३ लाख. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठीचा भारताचा अंदाज आहे ४७ लाख, जो केंद्र सरकारनं अमान्य केला. ४७ लाख धरले तरी १३८ कोटींत ते हजारी साडेतीनच्या आत. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. १९१८ चं देशाचं प्रमाण तिला लावलं तर एका शहरातून नव्वद हजारांवर माणसं, कोविडचं मोठं प्रमाण लावलं तर सहा हजारांच्या आसपास. हे ठाण्याचे खरे मृत्यू नव्हेत, नुसतं त्रैराशिक आहे. पण 'दोन्ही सारख्याच' असं म्हणणाऱ्यांनी एकदा मांडून बघावं.

या ५.३ आणि ४७ लाखांमधलं अंतर बघून पुष्कळांना वाटतं की कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय. मोजण्याची पद्धत समजली की चित्र जरा वेगळं दिसतं. सरकारी आकडा म्हणजे ज्यांची चाचणी झाली, जे कोविडनं गेले आणि ज्यांची तशी नोंद झाली ते. दुसरी पद्धत कारण विचारतच नाही. एरवीच्या वर्षी इतकी माणसं जातात, या वर्षी किती गेली, वरचा फरक साथीच्या खात्यात. त्यात चाचणीविना घरी गेलेले येतात, तसेच इस्पितळं भरली म्हणून डायलिसिस चुकून गेलेलेही येतात. जिथं मृत्यूची नोंदच अपुरी तिथं या पद्धतीत अंदाजाचा भाग वाढतो, वाद तिथं होता. १९१८ मध्ये हेच घडलं. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी सुरुवातीला किमान ६० लाख मृत्यू सांगितले. पुढं १९२१ ची जनगणना झाली आणि अपेक्षेपेक्षा माणसं इतकी कमी भरली की अंदाज दुपटी-तिपटीनं वाढले. साथीत नोंदी ठेवणारेच आजारी पडलेले किंवा गेलेले, नोंद कोण करणार? १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतलं लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक आहे.

मेलं कोण, यातही दोन्ही साथी उलट्या. कोविडमध्ये वय वाढेल तसा धोका वाढत गेला आणि पुरुष जास्त गेले. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची माणसं गेली, आपल्याकडे त्यातही बायका जास्त. तरुणच का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. त्या काळच्या वयस्कांना लहानपणी तशाच एखाद्या फ्लूची ओळख झाली असावी, असं एक मत आहे. बायकांचं कारण त्या मानानं साधं: आधीच उपासमार, रक्त कमी, आणि घरातल्या आजाऱ्यांचं सगळं करायचं ते त्यांनीच.

लॉकडाऊननं साथ थांबली नाही, नुसती लांबली, ही तक्रार अजून ऐकू येते. लांबली हे खरं आहे. मानमोडीनं मुंबईतला आपला मुख्य कारभार दोन-तीन महिन्यांत उरकला, कोविड दोन वर्षं रेंगाळला. पण लांबवण्याला किंमत असते ती त्या वेळात काय तयार होतं यावर. १९१८ मध्ये थांबून मिळण्यासारखं काही नव्हतं. २०२० मध्ये होतं. जूनपर्यंत कळलं की डेक्सामिथेझोन हे जुनं, स्वस्त औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी करतं. तोवर वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर आणि बाळकुमची ग्लोबल हबची इमारत यांची इस्पितळं झाली. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. तरी एप्रिलच्या डेल्टा लाटेत वेळ कमीच पडला. ऑक्सिजनसाठी रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस आपल्या कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली ती १९ एप्रिलला. लॉकडाऊनची खरी किंमत मात्र ज्यांनी मोजली ते मुंबई-नाशिक महामार्गावरून, माजिवड्याच्या पुलाखालून पायी चालत गेले. चार कलमांच्या कायद्यात त्यांची सोय नव्हतीच.

लसीच्या बाबतीत प्लेगची साथ कोविडच्या जास्त जवळची आहे, फ्लूपेक्षा कितीतरी. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. मांसाच्या सुपात जंतू वाढवायचे, वर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडायचे, त्या थेंबांना लोंबत जंतूंच्या दशा वाढतात. मग ते तापवून मारायचे आणि टोचायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मेलेला जंतू दाखवून शरीराला आधीच सावध करायचं, हे तत्त्व कोव्हॅक्सिनचंही आहे, फक्त इथं जंतूऐवजी निष्क्रिय केलेला विषाणू. अफवाही दोन्हीकडे तशाच. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हीच लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली आणि हाफकिन यांची कारकीर्द जवळजवळ संपली. दोष लसीचा नव्हता, एक बाटली दूषित झाली होती, हे सिद्ध व्हायला काही वर्षं गेली.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलचा मासिक पास मिळू लागला. ठाणे स्टेशनबाहेर पालिकेच्या टेबलासमोर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन रांगा लागल्या. प्रमाणपत्रावर शिक्का, मग खिडकीवर पास. लस गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून उत्तम वाचवत होती, लागण मात्र पूर्ण थांबवत नव्हती, डेल्टानं ते दाखवून दिलेलं होतं. त्यामुळं 'लसवंतांचा डबा सुरक्षित' हा हिशेब शास्त्राच्या दृष्टीनं लंगडाच होता. पासाचा खरा उपयोग वेगळा झाला. दीड वर्ष बसनं, रिक्षानं, मिळेल त्या गाडीनं कामावर जाणाऱ्या माणसाला लोकल परत हवी होती, म्हणून त्यानं दुसरा डोस वेळेवर घेतला.